मराठीत प्रार्थना शिकलेली माणसं

नवा ख्रिस्ती माणूस मंडळीत आला की पाळक बहुधा सगळ्यात आधी त्याच्याकडून येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना पाठ करून घेतात. तीत एक मागणं आहे: 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे.' मराठी भाषांतरकारांनी तिथे पाव लिहिला नाही, अन्न असंही मोघम लिहिलं नाही. भाकर लिहिली. कोकणी प्रार्थनेत त्याच जागी 'गिरास' आहे, म्हणजे घास. मला हे दोन्ही शब्द फार मोलाचे वाटतात. ज्याच्या घरी रोज भाकरी थापली जाते त्याला काय मागायचं ते सांगावं लागत नाही, कसं मागायचं तेवढं शिकायचं असतं. त्यात कमीपणा काहीच नाही. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात खुद्द एक शिष्यच येशूला म्हणतो, प्रभू, आम्हांला प्रार्थना करायला शिकवा.

आपल्याकडे ही विनवणी फार जुनी आहे. गोव्यातल्या साष्टी भागात सोळाव्या शतकात जे ख्रिस्ती झाले, त्यांच्या जुन्या पोथ्या हातातून गेल्या होत्या. हाती आली ती 'दौत्रीन', म्हणजे धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरं, तीही पाठ करायची. ओवीच्या लयीत वाढलेल्या माणसाचं तेवढ्यावर कसं भागणार? 1579 मध्ये गोव्यात आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट पाद्रींनी ही भूक ओळखली. त्यांच्या 'ख्रिस्तपुराणा'च्या आरंभीच प्रसंग आहे: एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रींना विनवतो की आमच्या जुन्या पुराणांच्या जागी आम्हांला वाचायला एखादं पुराण द्या. स्टीफन्सनी सृष्टीच्या उत्पत्तीपासून येशूच्या पुनरुत्थानापर्यंतची कथा सुमारे 11,000 ओव्यांत सांगितली. 1616 मध्ये गोव्यातल्याच रायतूरला ती रोमन लिपीत छापली गेली, कारण मराठी अक्षरांचे खिळे तेव्हा नव्हते. देवळात आणि घरोघरी ती गायली जायची. एकाने ओवी म्हणायची, बाकीच्यांनी ऐकायची, हाच त्या लोकांचा शास्त्राभ्यास होता. पुढे 1684 मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषा सोडण्याचं फर्मान काढलं. ज्या भाषेत माणूस रडतो तीच देवापुढे बोलायला मनाई! त्या फर्मानाचं मला आजही वाईट वाटतं.

घाटावर आणि मुंबईत गोष्ट वेगळ्या वाटेने आली. विल्यम केरी यांनी पंडित वैजनाथांच्या मदतीने केलेला मराठी नवा करार, म्हणजे बायबलचा येशूविषयीचा दुसरा भाग, 1811 मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला छापला गेला. 1813 मध्ये मुंबईत पोहोचलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी पुन्हा नव्याने भाषांतर केलं. नवा करार 1826 मध्ये आला आणि संपूर्ण बायबल 1847 मध्ये. प्रॉटेस्टंट मंडळींचा आग्रह असा की प्रत्येकाने शास्त्र स्वतः वाचावं. पण ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या अक्षर शिवू दिलं नव्हतं, त्यांनी वाचायचं कसं? म्हणून नगर जिल्ह्यात खेडोपाडी शाळा निघाल्या. कित्येक महार-मांग घरांत पहिलं छापील पुस्तक आलं ते शुभवर्तमानाचं.

1854 मध्ये बेळगावात बाप्तिस्मा घेतलेल्या बाबा पदमनजींनी पुढे नव्या करारावर मराठीत भाष्य लिहिलं. बाप्तिस्म्यानंतर शिकणं संपत नाही, हे मात्र पंडिता रमाबाईंइतकं स्पष्ट कुणी सांगितलं नाही. त्यांचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडात झाला. पुढे स्वतःची साक्ष लिहिताना त्यांनी कबूल केलं की आपल्याला तेव्हा ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. त्याला आणखी सुमारे आठ वर्षं लागली. नव्याने विश्वासात आलेल्या आणि प्रार्थनेत मन लागत नाही म्हणून खंतावलेल्या प्रत्येकाला मी हे आवर्जून सांगते. भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत असलेल्या या बाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बायबलचं भाषांतर केलं, तेही साध्यासुध्या बायकांना कळेल अशा मराठीत. छापखान्यात खिळे जुळवायला आश्रमातल्याच मुली होत्या. 1922 मध्ये रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल छापून बाहेर आलं ते 1924 मध्ये.

नारायण वामन टिळकांची वाट रेल्वेच्या डब्यातून गेली. 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं सांगितलं. टिळक वाचत गेले आणि मत्तयच्या पाचव्या ते सातव्या अध्यायांपाशी, डोंगरावरच्या प्रवचनात, अडकून राहिले. प्रभूची प्रार्थना याच प्रवचनात येते. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तोवर मंडळीत बरीचशी गीतं इंग्रजी चालींवर बेतलेली असत. नगरचे कृष्णराव सांगळे देशी वळणाची पदं आधीपासून रचत होतेच. टिळकांनी अभंग, भजन आणि कीर्तन उपासनेत पुरतं रुजवलं. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. 'उपासना संगीत' हे मंडळीतलं गीतांचं पुस्तक उघडलं की आजही पानोपानी त्यांचं नाव भेटतं. नवख्या माणसाला स्वतःच्या शब्दांत प्रार्थना सुचत नाही तेव्हा ही पदं त्याला आधार देतात.

कॅथलिकांकडे जपमाळ आणि पाठ प्रार्थना घरोघरी होत्या, पण मिस्सा, म्हणजे देवळातली मुख्य उपासना, लॅटिनमध्ये असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे 1965 च्या पुढे, ती मराठीत होऊ लागली. वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' आलं आणि 2013 चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार त्याला मिळाला.

टिळकांनीही ओवीत येशूचं चरित्र लिहायला घेतलं होतं, 'ख्रिस्तायन'. 1919 मध्ये ते गेले तेव्हा सुरुवातीचे थोडे अध्यायच झाले होते. उरलेलं काम त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी हाती घेतलं. या त्याच लक्ष्मीबाई, ज्या शाळेची पायरी चढल्या नव्हत्या आणि नवरा बाटला म्हणून पाच वर्षं त्याच्यापासून दूर राहिल्या होत्या. त्यांनी साठहून अधिक अध्याय लिहिले, ओवीतच.