पाच ऑलिम्पिक खेळलेली सेटर

२३ ऑगस्ट २००८ रोजी बीजिंगमध्ये ब्राझीलच्या महिलांनी अमेरिकेला ३-१ असं हरवून व्हॉलीबॉलचं पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण जिंकलं. बीच व्हॉलीबॉलच्या जोड्या सोडल्या, तर कुठल्याही सांघिक खेळात ब्राझीलच्या महिलांना तोवर सुवर्ण मिळालं नव्हतं. संघाची कर्णधार होती ३८ वर्षांची सेटर, म्हणजे हल्ला करणाऱ्यांना चेंडू उचलून देणारी खेळाडू, हेलिया सोझा. पण हेलिया या नावाने तिला कुणी हाक मारत नाही. गुबगुबीत गालांमुळे टीव्हीवरच्या एका बालपात्राचं नाव तिला लहान वयात चिकटलं, ते कायमचं: फोफाँव.

त्या सुवर्णाचं मोल कळायला सोळा वर्षं मागे जावं लागतं. साओ पावलोत १९७० साली जन्मलेली फोफाँव १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकला गेली ती राखीव सेटर म्हणून. पहिली पसंती होती फेर्नांदा व्हेंतुरिनी. सेटरची जागा मोठी अवघड. हल्ला करणाऱ्या खेळाडू आलटूनपालटून खेळवता येतात, पण मुख्य सेटर बहुतेक वेळ कोर्टवरच असते, कारण संघाला मिळणाऱ्या तीन स्पर्शांपैकी दुसरा तिच्याच हातून जातो. व्हेंतुरिनी तर जगातल्या सर्वोत्तम सेटर्सपैकी एक. तिच्यामागे उभं राहायचं म्हणजे वर्षानुवर्षं सराव करायचा आणि सामना बाकावरून बघायचा.

ब्राझीलपुढची भिंत होती क्यूबा. मिरेया लुइसच्या त्या संघाने १९९२, १९९६ आणि २००० अशी सलग तीन सुवर्णं नेली. अटलांटात १९९६ साली उपांत्य सामना क्यूबाने ३-२ असा जिंकला आणि सामना संपताच दोन्ही संघांच्या खेळाडू एकमेकींवर धावून गेल्या. ब्राझीलने रशियाला हरवून कांस्य मिळवलं. पुढे व्हेंतुरिनी राष्ट्रीय संघाबाहेर गेली आणि फोफाँवला मुख्य सेटरची जागा मिळाली. सिडनीत २००० साली पुन्हा उपांत्य फेरी, पुन्हा क्यूबा, पुन्हा ३-२ ने पराभव आणि पुन्हा कांस्य.

मग आलं अथेन्स, २००४. प्रशिक्षक होते झे रोबेर्तो गिमारायस, ज्यांनी १९९२ मध्ये ब्राझीलच्या पुरुषांना सुवर्ण मिळवून दिलं होतं. व्हेंतुरिनी परतली होती, त्यामुळे फोफाँव पुन्हा मागे. रशियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात ब्राझील २-१ ने पुढे होतं आणि चौथ्या सेटमध्ये २४-१९. अंतिम फेरी एका गुणावर. तो गुण आलाच नाही. सेट २८-२६ असा गेला, पाचवाही गेला आणि नंतर क्यूबाकडून कांस्यपदकाचा सामनाही. सगळं खापर फुटलं हल्ला करणाऱ्या तरुण मारीच्या डोक्यावर, जिने त्या सामन्यात गुणांचा पाऊस पाडला होता. ऐन वेळी कच खाणाऱ्या बायका, हा शिक्का इथून पक्का झाला. २००६ च्या जागतिक स्पर्धेची अंतिम लढत रशियाने ३-२ अशी जिंकली आणि २००७ मध्ये रिओत, घरच्या प्रेक्षकांसमोर, पॅन अमेरिकन स्पर्धेची अंतिम लढत क्यूबाने. मला हा शिक्का तेव्हाही अन्यायकारक वाटला, आजही वाटतो. जो संघ दरवेळी पदकाच्या उंबरठ्यापर्यंत पोचतो, त्याला भित्रा कसं म्हणायचं?

बीजिंगला जाताना फोफाँव पुन्हा मुख्य सेटर होती. उंची जेमतेम १.७३ मीटर, म्हणजे या पातळीवर ठेंगणीच. पुढच्या ओळीत आली की प्रतिस्पर्धी तिच्या ब्लॉकवरून, म्हणजे जाळीवर चेंडू अडवायला उंचावलेल्या हातांवरून, मारायला बघत. पण तिच्या हातातून चेंडू इतका अचूक आणि झटपट सुटे की समोरच्या ब्लॉकर्सना शेयला, पाउला पेकेनो आणि मारी या तिघींपैकी कुणाकडे सरकावं हेच उमगत नसे. मधून फाबियाना आणि वालेव्स्का तयार असतच. चार वर्षांपूर्वी रडलेल्या मारीलाही तिने मोक्याच्या वेळी चेंडू दिले, आणि माझ्या मते तिची खरी थोरवी यात आहे. संपूर्ण स्पर्धेत ब्राझीलने फक्त एक सेट गमावला, तोही अंतिम सामन्यात. सर्वोत्तम सेटरचा पुरस्कार फोफाँवला मिळाला. आदल्याच दिवशी माउरेन माजीने लांब उडीत सुवर्ण जिंकलं होतं. वैयक्तिक प्रकारात असं करणारी ती पहिली ब्राझिलियन महिला. दोन दिवसांत दोन इतिहास घडले.

राष्ट्रीय संघातून फोफाँव तिथेच थांबली. चार वर्षांनी लंडनमध्ये ब्राझीलने सुवर्ण राखलं तेव्हा सेटरच्या जागी दानी लिन्स होती. क्लबचा खेळ मात्र सुरू राहिला. इटलीत पेरुजाकडून ती आधीच खेळली होती, नंतर तुर्कस्तानात फेनरबाचेकडून खेळली आणि अखेरीस रिओच्या क्लबमध्ये आली. तिथले प्रशिक्षक होते बेर्नार्दिन्यो, म्हणजे अटलांटा आणि सिडनीच्या वेळचे तिचेच प्रशिक्षक. २०१५ मध्ये, ४५ व्या वर्षी, तिने त्यांच्या हाताखाली ओसास्को क्लबला हरवून सुपरलीगा ही ब्राझीलची राष्ट्रीय लीग जिंकली आणि त्याच वर्षी निवृत्ती घेतली.