हंगामाआधीचे बारा आठवडे : स्कॉटिश फेकीच्या प्रकारांची तयारी आणि साहित्याची निगा

(हॅमर म्हणजे लाकडी दांडीचा गोळा, वजनं, गोटे म्हणजे फेकायचे दगड, केबर म्हणजे लांब ओंडका, आणि पात्यांचे बूट घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

स्कॉटलंडमध्ये हायलंड गेम्सचा, म्हणजे या फेकींच्या पारंपरिक स्पर्धांचा, हंगाम मे महिन्यात गूरॉक, ब्लॅकफर्ड अशा मैदानांवर सुरू होतो आणि सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी ब्रेमार, मग पिटलॉख्री करत संपतो. जुलै-ऑगस्टमध्ये शनिवारी एक आणि रविवारी दुसरं मैदान असं बऱ्याच जणांचं चालतं. त्या दिवसांत ताकद वाढवायला सवड नसते. असलेली टिकवली तरी पुष्कळ. त्यामुळे फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून मेच्या मध्यापर्यंतचे बारा आठवडे काय करता, त्यावर पुढचे चार महिने ठरतात.

या काळात सगळ्यात जास्त बिघडणारी गोष्ट म्हणजे हिवाळाभर जिममध्ये स्क्वॉट आणि डेडलिफ्टचे आकडे वाढवायचे आणि एप्रिल उजाडल्यावर पहिल्यांदा हॅमर हातात घ्यायचा. बारबेलवरची ताकद फेकीत आपोआप उतरत नाही. सांधे, तळहाताची कातडी, कमरेचा पीळ यांना फेकीचीच सवय लागते आणि ती आठवड्या-आठवड्याने वाढवत न्यावी लागते.

आधी काय घ्यावं

स्पर्धेत पुरुषांसाठी हॅमर १६ आणि २२ पौंडांचा (७.२६ आणि ९.९८ किलो), लांब फेकायची वजनं २८ आणि ५६ पौंडांची (१२.७ आणि २५.४ किलो), आणि आडव्या दांडीवरून उंच टाकायचं वजन ५६ पौंडांचं असतं. महिलांसाठी साधारणपणे हॅमर १२ आणि १६ पौंड, वजनं १४ आणि २८ पौंड. गोळाफेक केलेल्यांना १६ पौंड ओळखीचे असतील, वरिष्ठ पुरुषांचा गोळा तेवढाच असतो.

पुरुष ग्राहक पहिल्या भेटीत बहुतेक वेळा २२ पौंडांचा हॅमर आणि ५६चं वजन मागतात. आमचा सल्ला उलटा आहे. पहिल्या वर्षी १६चा हॅमर आणि २८चं वजन घ्या, पैसे उरले तर १२चा हॅमर घ्या. जड साहित्यावर शिकलेला माणूस वेग शिकत नाही, फक्त ओढायला शिकतो. ती ओढ पुढे हलक्या साहित्यातही तशीच राहते.

गोटा विकत घ्यायलाच हवा असं नाही. नदीकाठचा गुळगुळीत, ७ ते १० किलोंचा कुठलाही दगड चालतो, फक्त तो उचलायला जमीनमालकाची परवानगी घ्या. प्रत्येक मैदानाचा गोटा वेगळ्या आकाराचा आणि वजनाचा असतो, त्यामुळे सरावाला एक गोलसर आणि एक चपटा असे दोन असावेत.

बारा आठवड्यांची आखणी

आठवडे १ ते ४ : जिम तीन दिवस, फेक दोन दिवस. स्क्वॉट ५ सेट, प्रत्येकी ५, कमाल क्षमतेच्या ७५ ते ८० टक्क्यांवर. डेडलिफ्ट ४ सेट, प्रत्येकी ३. पॉवर क्लीन (बारबेल जमिनीवरून एका झटक्यात खांद्यांवर घेणं) ६ सेट, प्रत्येकी २. पुश प्रेस (गुडघ्यांच्या उसळीने बारबेल खांद्यांवरून डोक्यावर ढकलणं) ५ सेट, प्रत्येकी ३. शेवटी ५६चं वजन कडीने (हातात धरायच्या मुठीने) धरून २० सेकंद उभं राहणं, प्रत्येक हाताने चार वेळा. फेकीत पूर्ण जोर नको, एका सत्रात सगळं मिळून २५च्या वर फेकी नकोत.

आठवडे ५ ते ८ : जिम दोन दिवस, फेक तीन दिवस. जिममधले सेट निम्मे, वजन मात्र तेच. फेकी सत्राला ३५ ते ४०, स्पर्धेच्या वजनांनी.

आठवडे ९ ते १२ : जिम दोन छोटी सत्रं, फेक दोन दिवस, आणि आठवड्यातून एकदा सगळे प्रकार स्पर्धेच्या क्रमाने, प्रत्येकी तीनच फेकी, मधे दहा-पंधरा मिनिटं थांबून. हे थांबणं लोकांना वेळ वाया घालवल्यासारखं वाटतं. पण स्पर्धेत सहा-सात प्रकार चार-पाच तासांत पसरलेले असतात आणि प्रत्येक वेळी थंड झालेल्या अंगाने उभं राहावं लागतं. त्याचाही सराव लागतो.

शेवटचं जड डेडलिफ्ट पहिल्या स्पर्धेच्या किमान दहा दिवस आधी. त्यानंतर पाठ ताजी राहील एवढंच.

हॅमर

हातोडाफेकीत वर्तुळात गिरक्या घेतलेल्यांचा इथे पहिल्या दिवशी गोंधळ होतो, कारण स्कॉटिश हॅमरमध्ये पाय हलत नाहीत. मैदानाकडे पाठ करून उभं राहायचं, हॅमर डोक्याभोवती तीन-चार वेळा फिरवायचा आणि उजव्या हाताच्या माणसाने डाव्या खांद्यावरून सोडायचा. पाय जागचे हलू नयेत म्हणून बुटाच्या चवड्यापुढे लोखंडी पातं असतं, ते जमिनीत रुतवतात. मुद्गल फिरवलेल्या हातांना या फिरकीची खांद्यातली वाट लवकर सापडते. फरक एवढाच की मुद्गल अंगाजवळून जातो आणि हॅमर शक्य तितका दूर ठेवायचा.

सत्राची बांधणी अशी : आधी १२ पौंडांच्या हॅमरने एका हाताने दहा-दहा फिरक्या, दोन्ही हातांनी. मग एका फिरकीच्या सहा फेकी, दोन फिरक्यांच्या सहा, पूर्ण फिरक्यांच्या आठ. २२चा हॅमर पूर्ण जोराने आठवड्यातून एकदाच, तोही दहाच्या आत.

नेहमीचे दोष आणि त्यांची कारणं. हॅमर सारखा डावीकडे जात असेल तर फिरकीचा सगळ्यात खालचा बिंदू समोर किंवा डावीकडे सरकलेला असतो. तो उजव्या पायाच्या बाहेर ठेवा. फिरकी सपाट होत असेल तर डोक्यामागून जाताना हात फार दुमडलेले असतात किंवा मान खाली असते. वेग दुसऱ्या फिरकीनंतर वाढतच नसेल तर तुम्ही हातांनी ओढता आहात. हॅमर समोर येतो तेव्हा कंबर त्याच्या विरुद्ध बाजूला जायला हवी, नाहीतर हॅमर माणसाला ओढतो. पाय उचकटत असतील तर पातं ढिलं आहे की जमीन कोरडी, ते पाहा. जूनमधल्या कडक हिरवळीत पातं आपोआप जात नाही, टाच उचलून दोन-तीनदा चवड्याने दाबावं लागतं. ओल्या, मऊ मैदानात उलट होतं : पातं सहज जातं आणि मातीचं ढेकूळ घेऊन तितक्याच सहज बाहेर येतं. अशा वेळी दोन्ही पाती समांतर न ठेवता किंचित बाहेर वळवून रुतवा.

राळ लावून पकड घट्ट होते, पण सरावात निम्म्या फेकी राळेशिवाय करा, नाहीतर बोटांची ताकद वाढतच नाही. थंडीत राळ चिकटत नाही, ती आधी मुठीत गरम करावी लागते. राळेचे हात पुसल्याशिवाय ५६च्या वजनाला अजिबात लावू नका. कडी वेळेवर सुटत नाही आणि वजन बाजूला जातं.

सुरक्षितता : चांगला खेळाडू १६चा हॅमर ४० मीटरच्या पुढे टाकतो आणि निसटलेला हॅमर कुठल्याही दिशेला जाऊ शकतो. समोर ६० मीटर आणि बाकी तिन्ही बाजूंना ३० मीटर मोकळं असल्याशिवाय सराव करू नका. सार्वजनिक बागेत तर नकोच.

वजन : लांब आणि उंच

लांब फेकीत ९ फुटांच्या जागेत दोन गिरक्या घेऊन एका हाताने वजन सोडायचं असतं. सगळं यश दुसऱ्या गिरकीत आहे आणि बहुतेकांची फेक तिथेच मरते. कारण घाई. खांदा कमरेच्या पुढे गेला की वजन मागे लटकत नाही, कोपर दुमडतं, आणि त्याच क्षणी दंडाच्या स्नायूवर सगळा भार येतो. कोपर सरळच राहिलं पाहिजे, हात फक्त दोरी. २८ने गिरक्या स्वच्छ जमेपर्यंत ५६ने गिरक्या घेऊ नका. ५६ घेतल्यावर अंग वजनाच्या उलट बाजूला किती कलवायचं, ते आधी नुसत्या एका गिरकीने शिका. ओल्या गवतावर खिळ्यांचे बूट पायाला अडकवतात आणि गुडघा पिळला जातो. आम्ही बोथट, आखूड खुंट्यांचे बूट सुचवतो.

कडी तपासून घ्या. बारीक कडी बोटांत रुतते, जाड कडीत बोटं पुरी बंद होत नाहीत. हस्तिदंती चमक येईपर्यंत घासलेली कडी दिसायला छान, पण घामात निसटते. आमच्या कड्या मुद्दाम थोड्या खरखरीत ठेवलेल्या असतात, त्या पॉलिश करू नका.

उंच फेकीत दांडीकडे पाठ करून ५६चं वजन पायांमधून झोका देऊन डोक्यावरून मागे टाकतात. जोर नितंबांच्या झटक्यातून येतो, हात शेवटी फक्त सोबत जातो. हात आधी ओढला की वजन सरळ वर जातं आणि जिथून गेलं तिथेच येतं, म्हणजे तुमच्या डोक्यावर. म्हणून सोडल्याबरोबर एक पाऊल पुढे टाकायची सवय पहिल्या दिवसापासून लावा, हलक्या वजनातही. सत्रात बारापेक्षा जास्त उंच फेकी नकोत, पाठीचा खालचा भाग थकतो आणि दुसऱ्या दिवशी कळतं.

गोटा

गोळाफेकीचं तंत्र चालतं, पण गोटा गोल नसतो. कुठली बाजू मानेला आणि कुठली बोटांना बसते ते आधी फिरवून शोधा, सरावात खडूने खूण करा. ट्रिग, म्हणजे पुढची लाकडी मर्यादा, साडेचार फूट लांब असते. मागे साडेसात फुटांपर्यंत धाव घेता येते. ब्रेमारच्या जड गोट्याला मात्र धाव नाही, उभ्यानेच टाकायचा. त्यामुळे आठवड्यातून एकदा तरी फक्त उभ्याच्या फेकी करा. कोपर खाली पडलं की ढकलणं जाऊन झुगारणं होतं आणि बोटं मुरगळतात. पावसात टॉवेल जवळ ठेवा.

केबर

स्पर्धेत अंतर मोजत नाहीत. केबर उलटून पडावा आणि घड्याळातल्या १२च्या दिशेला सरळ पडावा, यालाच गुण. सरावासाठी ४ ते साडेचार मीटर लांब, ३५ ते ४० किलोंचा, साल काढलेला ओंडका पुरतो. बारीक, गोलाई दिलेलं टोक खाली धरायचं.

उचलताना बोटं गुंफून, केबर खांद्यावर टेकवून, गुडघ्यांतून वर या आणि तळहात टोकाखाली सरकवा. मग धावत सुटू नका. केबरचं वरचं टोक पुढे झुकायला लागेपर्यंत थांबायचं, पाय रोवायचे आणि तेव्हा खेचायचं. नव्वद टक्के चुका इथे, लवकर खेचण्याच्या. टोक झुकलेलं नसताना खेचलं तर केबर वर जातो, वळत नाही आणि उभाच्या उभा खाली येतो. सत्रात चार ते सहा फेकी, त्याहून जास्त नाही. गळ्याजवळची कातडी सोलवटते, कॉलरचा शर्ट घाला.

पाण्याने भिजलेला केबर जड होतो, हे लक्षात ठेवूनच मोजमाप करा. साठवताना आडवा, जमिनीपासून वर, तीन आधारांवर आणि छताखाली ठेवा. दोनच आधार दिले तर मधे वाकतो.

शेवटचे पंधरा दिवस

स्पर्धेत किल्ट सक्तीचा असतो. शेवटच्या दोन आठवड्यांत सराव किल्टमध्येच करा, आत घट्ट शॉर्ट्स घालून. उंच फेकीत पायांमधून येणारं वजन किल्टच्या घड्यांत अडकतं का, ते त्या दिवशी कळून उपयोग नाही. तळहातावरचे घट्टे बारीक घासून सपाट करा, सोडून दिले तर कडीला अडकून फाटतात. फाटलेली कातडी भरायला आठवडा सहज जातो.

साहित्याची तपासणी

प्रत्येक सत्रानंतर पात्यांचे बोल्ट घट्ट करा आणि पात्यांवर चामड्याचं म्यान चढवूनच बूट पिशवीत टाका. पात्यांचे बूट फक्त हॅमरला, तेही ट्रिगजवळ जाऊन घाला.

हॅमरची दांडी गोळ्याला जिथे शिरते, तिथे सगळ्यात आधी तडकते. बोटाने चाचपडा, केसाएवढी रेघ लागली तरी तो हॅमर वापरायचा बंद. टेप गुंडाळून चालवू नका. वजनाच्या साखळीत एखादी कडी लांबुळकी झाली असेल तर ती ताणली गेली आहे, बदलायलाच हवी. हॅमर घरात रेडिएटरजवळ ठेवला की लाकूड सुकतं आणि गोळा सैल होतो. थंड, कोरड्या खोलीत टांगून ठेवा.

दांड्या आणि साखळ्या बदलण्यासाठी साहित्य एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आमच्याकडे पोचवा. मेमध्ये आलेल्या कामाला रांग असते, आणि नवी दांडी बसवल्यावर तिच्या लवचिकतेची सवय व्हायला निदान चार-पाच सत्रं लागतात.