एमपीफोर आणि एच.२६४ एकच नाही: आर्केड कॅबिनेटचा इंट्रो व्हिडिओ बनवताना

घरी बनवलेलं आर्केड कॅबिनेट (जुन्या गेम पार्लरमधल्यासारखं उभं गेमचं मशीन) चालू केलं की गेमची लिस्ट यायच्या आधी सहा-सात सेकंदांचा आपला स्वतःचा व्हिडिओ दिसला पाहिजे, ही माझी प्लायवूड कापायच्या आधीपासूनची इच्छा. भाच्याने फोनवर शूट करून दिलं, अंधारात मार्की (कॅबिनेटच्या माथ्यावरची नावाची पाटी) पेटते, हात लाल बटणावर जातो, बटण दाबलं की कॅबिनेटचं नाव येतं, इतकं सुंदर झालं होतं की घरात सगळ्यांनी चार-चार वेळा बघितलं. लॅपटॉपवर लोण्यासारखं चालायचं. कॅबिनेटमध्ये गेम चालवणाऱ्या रास्पबेरी पाय ३ या छोट्या कॉम्प्युटरवर टाकलं तर आवाज बरोबर आणि चित्र गोठलेलं. फाइल आधी एमओव्ही होती म्हणून नाव बदलून एमपीफोर केलं, तरी तेच.

इथेच बहुतेक जण अडकतात. एमपीफोर हा कंटेनर आहे, म्हणजे डबा. एका कप्प्यात चित्र, एका कप्प्यात आवाज, आणि कुठलं कधी दाखवायचं याची नोंद. चित्र कुठल्या पद्धतीने दाबून भरलंय ते कोडेक ठरवतो, आणि एच.२६४ हा कोडेक. त्याच एमपीफोरमध्ये एच.२६४ असू शकतो, एचईव्हीसी म्हणजे एच.२६५ असू शकतो, डिव्हएक्सच्या जमान्यातला जुना कोडेकपण असू शकतो. आणि उलट एच.२६४ एमकेव्हीमध्येही बसतो, एमओव्हीमध्येही बसतो.

गोंधळ व्हायला नावंच कारणीभूत आहेत. एमपीईजी-४ हे एका मोठ्या स्टँडर्डचं नाव, त्याचे बरेच भाग आहेत, भाग २ मध्ये तो जुना डिव्हएक्स-एक्सव्हिडवाला कोडेक, भाग १० म्हणजे एच.२६४, आणि भाग १४ म्हणजे एमपीफोर ही फाइल. तिघांचं आडनाव एकच, मग कोणी नुसतं 'एमपीईजी फोर चालेल' म्हणालं तर नक्की काय चालेल हे कळणार कसं?

आता कॅबिनेटमध्ये याने फरक का पडतो ते सांगतो. पाय ३ च्या चिपमध्ये एच.२६४ उलगडायला वेगळं हार्डवेअर आहे, एचईव्हीसीसाठी नाही, त्यामुळे तो सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि त्याचा दम निघतो. पाय ४ मध्ये दोन्ही आहेत. पाय ५ मध्ये तर गंमत उलटी झाली, एचईव्हीसीचं हार्डवेअर ठेवलं आणि एच.२६४ चं काढलं, पण त्याचा प्रोसेसर इतका तगडा आहे की १०८०पी एच.२६४ तो हार्डवेअरशिवायच आरामात चालवतो. म्हणजे कुठलाही पाय असला तरी एच.२६४ चालतो, म्हणून माझं मत पक्कं आहे, इंट्रोसाठी एच.२६४ सोडून दुसरीकडे बघूच नका. सहा सेकंदांच्या फाइलमध्ये एचईव्हीसीने जागा वाचवून मिळणार काय?

मग एक्स्टेन्शनला काहीच अर्थ नाही का? आहे, पण वेगळ्या ठिकाणी. रेट्रोपाय म्हणजे पायवर जुने गेम चालवणारं सॉफ्टवेअर, त्याची स्प्लॅशस्क्रीनवाली (चालू होताना इंट्रो दाखवणारी) स्क्रिप्ट फाइलच्या नावावरूनच ठरवते की हा व्हिडिओ आहे की फोटो. म्हणजे स्क्रिप्ट नाव बघते आणि चिप आतला माल बघते. माझं नाव बदलणं स्क्रिप्टला चाललं, चिपला नाही.

आत काय आहे ते बघायला व्हीएलसीमध्ये फाइल लावा, टूल्समध्ये कोडेक इन्फर्मेशन उघडा, पहिल्याच ओळींत लिहिलेलं असतं. हल्लीच्या बऱ्याच फोनचं रेकॉर्डिंग एचईव्हीसी निघतं. मग हँडब्रेक या व्हिडिओ कन्व्हर्टरमध्ये घ्या, तिथे तर दोन्ही गोष्टी दोन वेगळ्या टॅबमध्येच आहेत, समरीमध्ये फॉरमॅट एमपीफोर आणि व्हिडिओमध्ये एन्कोडर एच.२६४. कॉन्स्टंट क्वालिटी २० ठेवा (आकडा जितका कमी तितकं चित्र चांगलं), फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं) ३० आणि कॉन्स्टंट, कारण फोन बहुतेक वेळा फ्रेमरेट वरखाली करत शूट करतो, आणि आवाजाचा कोडेक एएसी.

अजून एक ठिकाण जिथे कोडेक बरोबर असूनही चालत नाही. काही जण इंट्रो पीएनजी फ्रेम्सपासून एफएफएमपेग या कमांड लिहून चालवायच्या प्रोग्रॅमने बनवतात, तिथे काही सांगितलं नाही तर पिक्सेल फॉरमॅट (रंगाची माहिती किती बारकाईने साठवायची ते) ४:४:४ निघतो, आणि हार्डवेअरला ८ बिटवाला ४:२:०च लागतो. कमांडमध्ये वाययूव्ही४२०पी (म्हणजे तोच ८ बिटवाला ४:२:०) लिहायला विसरू नका, बाहेरून बघितलं तर दोन्ही फाइल एमपीफोर, दोन्ही एच.२६४, आणि चालते एकच.

साइजचं थोडक्यात. माझा मॉनिटर जुना १९ इंची, १२८०×१०२४, म्हणजे ५:४, ना १६:९ ना ४:३. फोनच्या १९२०×१०८० मधून दोन्ही बाजूंचे मिळून ५७० पिक्सेल कापले की १३५०×१०८० उरतं, ते बरोबर ५:४, मग १२८०×१०२४ ला आणलं की वर-खाली काळ्या पट्ट्या राहत नाहीत.

आणि सुरुवातीला एक सेकंद काळी फ्रेम जोडा, मॉनिटरला सिग्नल पकडायला तेवढा वेळ लागतो. आमचा मार्की पेटायचा क्षण नेमका त्यातच जात होता, आता पूर्ण दिसतो.