जामीन-फरारींचा शोध : अमेरिकेतील परवाने आणि व्यवसायमानके

जामिनावर सुटलेला आरोपी तारखेला हजर झाला नाही, तर त्याला शोधून न्यायालयाच्या ताब्यात देण्याचा खासगी व्यवसाय अमेरिकेत चालतो. हे काम करणाऱ्याला लोक बाउंटी हंटर म्हणतात. कायद्यात मात्र बेल रिकव्हरी एजंट, बेल एन्फोर्समेंट एजंट, रनर अशी राज्यागणिक वेगळी नावे आहेत. पैसे घेऊन जामीन राहण्याचा धंदा अमेरिका आणि फिलिपिन्स सोडता जगात जवळजवळ कुठेच चालत नाही.

न्यायाधीशाने 50,000 डॉलरचा जामीन ठरवला आणि घरच्यांकडे तेवढी रक्कम नसली, तर ते बेल एजंट गाठतात. साधारण 10 टक्के, म्हणजे 5,000 डॉलर भरले की तो हमी देतो. आरोपी निर्दोष सुटला तरी हे पैसे परत मिळत नाहीत. आरोपी पळाला तर पूर्ण रक्कम एजंटच्या अंगावर येते. मात्र त्याआधी आरोपीला हजर करण्यासाठी एजंटला मुदत मिळते, कॅलिफोर्नियात ती 180 दिवसांची आहे. एजंटसाठी शोध घेणाऱ्या बाउंटी हंटरचा मोबदला बहुधा हमीच्या रकमेच्या टक्केवारीत ठरतो आणि माणूस सापडला तरच हातात पडतो. ज्याची कमाई एका अटकेवर टांगलेली आहे त्याच्याच हाती अटकेचा अधिकार द्यायचा असेल, तर परवाना आणि प्रशिक्षण यांना पर्याय नाही.

या अधिकाराचे मूळ ‘टेलर विरुद्ध टेंटर’ या 1872 च्या सर्वोच्च न्यायालयीन निकालात दाखवले जाते. जामीनदार आरोपीला केव्हाही धरू शकतो, दुसऱ्या राज्यात त्याचा पाठलाग करू शकतो, गरज पडल्यास त्याच्या घरात घुसूही शकतो, असे त्यात म्हटले आहे. मूळ वाद मात्र अटकेचा नव्हताच. कनेक्टिकटमधला एक आरोपी न्यूयॉर्कला गेला, तिथून त्याला मेन राज्याच्या हवाली केले गेले, आणि त्याच्या जामीनदारांना 8,000 डॉलर भरावे लागतील का, एवढाच प्रश्न होता. ओघात आलेल्या त्या परिच्छेदावर पुढे एक सबंध व्यवसाय उभा राहिला. पोलिसांवर असलेली झडतीविषयक घटनात्मक बंधने खासगी व्यक्तीला सहसा लागू होत नाहीत, त्यामुळे बाउंटी हंटरला काही बाबतींत पोलिसांपेक्षाही मोकळे रान मिळाले.

त्याचे परिणाम ऑगस्ट 1997 मध्ये फीनिक्स शहरात दिसले. फरारीच्या शोधात आल्याचे सांगणारी सशस्त्र टोळी एका घरात घुसली आणि गोळीबारात दोन तरुण जीव गेले. तो दरोडाच होता आणि फरारीची गोष्ट बनाव होती, असे पुढे निष्पन्न झाले. पण खरा एजंट आणि तोतया यांत फरक दाखवणारे कोणतेही ओळखपत्र तेव्हा तिथे सक्तीचे नव्हते, हे त्यातून उघड झाले. त्यानंतर ॲरिझोनाने कायदा केला. लोक राहत असलेल्या घरात, तिथे हजर असलेल्यांच्या संमतीशिवाय, आता एजंटला पाऊल ठेवता येत नाही.

सगळ्या नियमांत हा दाराचा नियम मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण चुकीच्या पत्त्यावरच्या कुटुंबाने कोणताही करार केलेला नसतो. टेक्सासमध्ये हमीदाराच्या वतीने अटक करणाऱ्या परवानाधारक खासगी तपासनिसालाही संमतीविना घरात जाता येत नाही. वॉशिंग्टन राज्यात ठरवून दार फोडायचे असेल तर परवान्यावर वेगळी नोंद लागते आणि स्थानिक पोलिसांना आधी कळवावे लागते. कॅलिफोर्नियात 40 तासांचा अटक-अधिकाराचा अभ्यासक्रम आणि जामीन कायद्याचे 20 तासांचे शिक्षण आवश्यक आहे. पकडायला जाण्यापूर्वी पोलिसांना खबर द्यायची, तीही सहा तासांहून आधी नाही. पोलीस वाटेल असा गणवेश किंवा बिल्ला वापरायचा नाही. 2023 पासून तिथे विमा खात्याचा परवानाही लागतो. फ्लोरिडात स्वतःला बाउंटी हंटर म्हणवणेच बेकायदा असून हे काम परवानाधारक बेल एजंटनेच करायचे असते. इलिनॉय, केंटकी, ओरेगन आणि विस्कॉन्सिन येथे तर हा जामीन-व्यवसायच नाही. देशाबाहेर या अधिकाराला काही अर्थ उरत नाही : 2003 मध्ये एका फरारीला मेक्सिकोत पकडणारा प्रसिद्ध बाउंटी हंटर ड्वेन चॅपमन स्वतःच तिथे अटकेत पडला.

पत्ता काढणे, नातेवाइकांशी बोलणे, पाळत ठेवणे हे खासगी तपासाचेच काम. त्याच्या परवान्यासाठी कॅलिफोर्निया 6,000 तासांचा पगारी अनुभव आणि परीक्षा मागते, तर वायोमिंगसारख्या राज्यात राज्यस्तरीय परवानाच नाही. माहिती कशी मिळवली, ही इथली खरी कसोटी. 1989 मध्ये एका अभिनेत्रीचा पत्ता खासगी गुप्तहेरामार्फत वाहन खात्याच्या नोंदींतून मिळवून तिचा खून झाला, आणि 1994 मध्ये चालकांच्या नोंदींना संरक्षण देणारा संघराज्याचा कायदा आला. 2019 मध्ये एका पत्रकाराने 300 डॉलर मोजून बाउंटी हंटरकरवी एका मोबाइलचा ठावठिकाणा काढून दाखवला; ग्राहकांची ठिकाणे अशी विकू दिल्याबद्दल 2024 मध्ये दूरसंचार कंपन्यांना मिळून जवळपास 20 कोटी डॉलरचा दंड सुनावण्यात आला.

भारतात जामीनदाराने मोबदला घेणे सार्वजनिक धोरणाविरुद्ध मानले जाते. आपल्याकडचा जामीनदार ऐपतीचा दाखला किंवा सातबारा घेऊन न्यायालयात उभा राहतो. त्याला हमीतून मोकळे व्हायचे असेल तर तो अर्ज करतो आणि वॉरंट न्यायदंडाधिकारी काढतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 489 मध्ये ही तरतूद आहे. सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या संस्थांसाठी 2005 चा कायदा आहे, पण खासगी गुप्तहेर संस्थांसाठी 2007 मध्ये राज्यसभेत मांडलेले विधेयक संमत झालेच नाही. 2018 मध्ये ठाणे पोलिसांनी मोबाइलच्या कॉल नोंदी बेकायदा मिळवल्याच्या आरोपावरून काही खासगी गुप्तहेरांना अटक केली, तेव्हा त्यांच्यावरची कारवाई इतर कायद्यांखालीच करावी लागली. रद्द करण्याजोगा परवाना त्यांच्याकडे नव्हताच.