डिझाइन ब्रीफ

डिझाइन ब्रीफ म्हणजे ग्राफिक डिझायनरकडे काम सोपवताना ग्राहकाने द्यायचे लेखी टिपण. काय बनवायचे, कोणासाठी, ते कुठे छापले किंवा लावले जाणार, मजकूर कोणता, कधी हवे, किती खर्चात आणि शेवटचा होकार कोणाचा, एवढे त्यात असते. मराठीत ‘संकल्पन-टिपण’ असा शब्द घडवता येईल, पण सोलापुरातल्या डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर मजकूर जुळवून देणाऱ्या, दुकानात तो कोणी उच्चारणार नाही. तिथे ग्राहक म्हणजे ‘पार्टी’, मजकूर म्हणजे ‘मॅटर’, दुरुस्ती म्हणजे ‘करेक्शन’. आणि ब्रीफ म्हणजे बहुतेकदा व्हॉट्सॲपवर आलेला दीड मिनिटाचा आवाज: ‘जरा उठून दिसंल असं करा की. मागच्यासारखं नको.’

खरे तर काटेकोर ब्रीफ या शहराला नवा नाही. सोलापुरी चादरीची नक्षी जॅकार्डवर, म्हणजे नक्षीप्रमाणे उभे धागे उचलणाऱ्या मागयंत्रणेवर, विणली जाते आणि त्याआधी ती चौकटीच्या कागदावर, म्हणजे ग्राफवर उतरते. भरलेला चौकोन म्हणजे त्या जागी उभा धागा वर उचलायचा, रिकामा म्हणजे खाली ठेवायचा. त्यावरून मागाला लावायच्या कार्डांना भोके पाडत. आता बऱ्याच ठिकाणी हे संगणकावर होते. फुलाची पाकळी मोठी हवी असेल तर ती किती चौकोनांनी, हे आधी ठरते. माग सुरू झाल्यावर ‘अजून थोडं भारदस्त करा’ म्हणता येत नाही. पण त्याच चादरीच्या पिशवीचे डिझाइन सांगायची वेळ आली, की तोच कारखानदार हवेत हात फिरवून आकार दाखवतो.

ब्रीफची खरी परीक्षा वेष्टनावर होते. शेंगा चटणीचा २५० ग्रॅमचा पाउच घेऊ. ‘लाल रंग, नाव मोठं, बाजूला कडक भाकरीचा फोटो’ एवढ्यावर डिझायनर देखणे चित्र काढून देईल, पण ते पाकीट बाजारात विकता येणार नाही. आवेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांप्रमाणे उत्पादकाचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापावा लागतो. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक, हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका, घटकांची यादी, पोषणमूल्ये आणि ॲलर्जीची सूचना वेगळी. शेंगदाणा त्या सूचनेच्या यादीत येतो. बॅच क्रमांक आणि तारीख मागाहून उमटते, म्हणून तेवढी जागा कोरी सोडायला सांगावी लागते. पाउच बनवणाऱ्याकडून डायलाइन, म्हणजे घड्या आणि सील दाखवणारा आराखडा, आधी घेतली नाही, तर सीलच्या पट्टीत परवाना क्रमांक अर्धा गाडला जातो. मोठ्या संख्येचे पाउच ग्रॅव्ह्युअर पद्धतीने, म्हणजे कोरलेल्या सिलिंडरवरून, छापतात. त्यात प्रत्येक रंगाला स्वतंत्र सिलिंडर लागतो, त्यामुळे रंग किती हा सौंदर्याइतकाच पैशांचाही प्रश्न असतो.

हा झाला सक्तीचा भाग. त्यापलीकडे डिझायनरला सर्वांत उपयोगी पडते ते एखादे साधे वाक्य: ‘पाकीट पुण्यातल्या दुकानात लोणच्यांच्या शेजारी राहणार; घेणारे सोलापूरचे नसतील, ही चटणी दही किंवा तेल घालून भाकरीबरोबर खातात हे त्यांना ठाऊक नसेल.’ यावरून नाव किती मोठे, फोटो कशाचा, कृतीची ओळ कुठे, हे त्याला ठरवता येते. ‘लाल रंग’ यावरून काहीच ठरत नाही. ग्राहकाने अडचण सांगावी आणि रंग डिझायनरवर सोडावा. दुकानाचा ठरलेला रंग असेल तर मात्र तो आधीच सांगावा.

मापांबद्दल थोडक्यात. फ्लेक्स फुटांत, व्हिजिटिंग कार्ड इंचांत सांगायची रीत आहे. ऑफसेटच्या, म्हणजे प्लेटवरून होणाऱ्या छपाईच्या, कामात कडेने ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारी जादा छपाई) सोडतात. मोबाइलवर चमकणारा निळा चार रंगांच्या छपाईत तसाच उतरत नाही. लोगो व्हॉट्सॲपवरचा चालत नाही, मूळ व्हेक्टर फाइल, म्हणजे कितीही मोठी केली तरी न फाटणारी, लागते.

सोलापुरात भाषेची नोंद विशेष महत्त्वाची, कारण इथे मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि उर्दूही रोजच्या वापरात आहेत. कन्नड आणि तेलुगू लिप्या इतक्या जवळच्या दिसतात, की दोन्ही न येणाऱ्या ऑपरेटरला चूक कळणारच नाही. उर्दू उजवीकडून डावीकडे वाचली जाते. म्हणून प्रत्येक भाषेचे प्रूफ, म्हणजे छपाईआधीची तपासणीची प्रत, कोण वाचणार, ते ब्रीफमध्ये नावानिशी असावे. मराठीतही गोम आहे. श्रीलिपीत (जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये) टाइप केलेले मॅटर युनिकोडमध्ये (आताच्या सर्वमान्य अक्षरसंकेतात) चिकटवले तर अक्षरांचा चिवडा होतो आणि अनेक युनिकोड फाँट ‘ल’, ‘श’ हिंदी वळणाचे देतात. मराठी वळण कोणते, ते राज्य शासनाने २००९ मध्ये निर्णय काढून नक्की केले आहे. मॅटर टाइप करून द्यावे. हस्तलिखिताचा तिरका फोटो पाठवला, की लग्नपत्रिकेत मामांचे नाव बदलते आणि पुढचे महाभारत घरात घडते.

मुदत लिहिताना छपाईचे दिवस वेगळे धरावेत. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेसाठी फ्लेक्स हवा असेल, तर संक्रांतीच्या आदल्या दिवशी प्रूफ पाहून उपयोग नसतो. करेक्शन किती वेळा मोफत, हेही लिहावे; दोन किंवा तीन फेऱ्या ठरवल्या तर दोघांचाही जीव वाचतो. होकार देणारा माणूस एकच असावा. थोरल्या भावाने फायनल केलेले काम धाकट्याने छापखान्यात अडवले, तर प्लेटचा खर्च कोणाचा, यावरून पुढे बोलणे बंद होते.

हक्कांचा मुद्दा बहुतेक ब्रीफमध्ये नसतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी असावे लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे, आणि क्षेत्र लिहिले नसेल तर भारतापुरते धरतात. ‘ओपन फाइल’, म्हणजे बदल करता येईल अशी मूळ फाइल, मिळणार की फक्त पीडीएफ, हेही इथेच लिहावे. वर्षभराने पाकिटावरची किंमत बदलायची असते, तेव्हा ती फाइल लागते.