एमजीबी जीटीला घरच्या घरी एसी: आधी उष्णतेचा हिशेब, मग पाना

इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६५पासून तयार झालेली एमजीबी जीटी, म्हणजे एमजीबी या स्पोर्ट्स कारची पक्क्या छपराची आवृत्ती, ही तिथल्या हवेसाठी आखलेली गाडी. पण पाच लाखांहून जास्त एमजीबींपैकी मोठा वाटा अमेरिकेत गेला. टेक्सास-ॲरिझोनातल्या जुलैत मागची तिरपी काच, पत्र्याचं छप्पर आणि पायांशेजारी तापलेला गिअरबॉक्स मिळून आत भट्टी पेटवतात. म्हणून या गाडीला मागाहून एसी बसवणं हा तिकडच्या हौशी मालकांचा जुना उद्योग. काम घरच्या गॅरेजमध्ये होण्यासारखं आहे. फसतं ते बहुधा एकाच जागी: आतून उचललेली उष्णता नाकासमोरच्या जाळीतून बाहेर टाकायची सोय अपुरी पडते, आणि दोष मात्र कॉम्प्रेसरला, म्हणजे गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाला, दिला जातो.

निरभ्र दुपारी सूर्याकडे तोंड केलेल्या एका चौरस मीटरवर साधारण १००० वॅट उष्णता पडते. जीटीच्या काचांमधून एवढी तरी सहज आत येते. त्यात बोनेटकडच्या पत्र्यातून आणि गिअरबॉक्सच्या बोगद्यातून झिरपणारी उष्णता, माणशी सुमारे १०० वॅट आणि फटींमधून शिरणारी गरम हवा मिळवली, की तीन किलोवॅट क्षमतेचा एसी धरावा लागतो. आकडा मोठा वाटतो, कारण एवढ्यात घरातली एक बेडरूम आरामात थंड होते. पण बेडरूमला चारी बाजूंनी काचा नसतात आणि तिच्या जमिनीखालून सायलेन्सरचा पाइप जात नाही.

आता गॅसचं गणित. आर-१३४ए हा एसीतला गॅस कूलिंग कॉइलमध्ये (आतली हवा गार करणाऱ्या नळ्यांच्या जाळीत) शून्य अंशाच्या आसपास उकळतो आणि उकळताना एका किलोमागे साधारण १२५ किलोज्यूल उष्णता उचलतो. तीन किलोवॅटसाठी सेकंदाला २४ ग्रॅम गॅस फिरायला हवा. अशा छोट्या गाडीत एकूण गॅस ७०० ते ९०० ग्रॅम असतो, म्हणजे सगळा गॅस अर्ध्या मिनिटात एक फेरी पूर्ण करतो. फेरीला १०० घनसेंटिमीटर वायू ओढणारा छोटा कॉम्प्रेसर मिनिटाला १५०० फेऱ्यांवर जवळपास एवढाच गॅस पुढे ढकलतो, ३०००वर त्याच्या दुप्पट. म्हणून सँडेन कंपनीचा सात पिस्टनांचा १०० घनसेंटिमीटरचा कॉम्प्रेसर या गाडीला पुरतो. मोठ्या अमेरिकी गाड्यांना चालणारा १३८ घनसेंटिमीटरचा कॉम्प्रेसर लावायचा मोह होतो, कारण तो सहज मिळतो. पण १८०० सीसीचं इंजिन तो जोडला गेला की सिग्नलवर गचके खातं, आणि जास्तीचा थंडावा कॉइलवर बर्फ जमवण्यापलीकडे फारसा उपयोगी पडत नाही.

समोरची जाळी हेच खरं रणांगण

आतून उचललेले तीन किलोवॅट आणि कॉम्प्रेसरने घातलेलं किमान दीड किलोवॅट, असे साडेचार किलोवॅट कंडेन्सरने, म्हणजे रेडिएटरसमोर बसणाऱ्या, गरम गॅस निववणाऱ्या नळ्यांच्या चौकटीने, बाहेर टाकायचे असतात. त्यातून सेकंदाला अर्धा घनमीटर हवा गेली, तर ती सुमारे आठ अंशांनी तापते आणि तशीच मागच्या रेडिएटरवर जाते. रेडिएटरच्या दृष्टीने बाहेरचे ३८ अंश आता ४६ झाले. त्यामुळे एसीची पहिली खरेदी म्हणजे रेडिएटरची डागडुजी. भर उन्हात, एसीविना, २० मिनिटं उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवा. काटा नेहमीच्या जागेवरून वर सरकत राहिला, तर आधी रेडिएटर नव्या कोरचा करून घ्यायचा, थर्मोस्टॅट आणि पाण्याचा पंप तपासायचा, आणि तोवर एसीचं नाव काढायचं नाही.

जुन्या, क्रोमच्या बंपरवाल्या एमजीबीत एक सोय आयती मिळते. रेडिएटर बराच मागे, इंजिनाजवळ असतो आणि त्याच्या व पुढच्या जाळीच्या मध्ये ऐसपैस जागा असते. ऑइल कूलर असेल तर तो याच जागेत बसलेला असतो. तो थोडा हलवला की कंडेन्सर मावतो. कंडेन्सर घ्यायचा तो पॅरलल फ्लो, म्हणजे चपट्या समांतर नळ्यांचा. जुन्या नागमोडी नळीच्या कंडेन्सरवर आर-१३४एचं काम त्याच मापात नीट होत नाही. रेडिएटरपर्यंत दीड-दोन सेंटिमीटर फट ठेवावी आणि भोवतालच्या मोकळ्या जागा फोमच्या पट्ट्यांनी किंवा पत्र्याने बुजवाव्यात. हवा आळशी असते. वळसा घालून जाता आलं, तर ती कंडेन्सरच्या पातळ पत्री पंखांमधून जाणार नाही. हे बुजवण्याचं काम फुकटात पडतं आणि नेमकं तेच राहून जातं.

इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा मूळ पंखा मंद वेगात काहीच ओढत नाही, म्हणून १२ इंची विजेचा पंखा लागतोच. तो रेडिएटरच्या मागे बसून ओढणारा असला तर उत्तम. बसवल्यावर जाळीसमोर कागदाचा तुकडा धरून बघा: तो आत खेचला गेला पाहिजे. उलट्या जोडलेल्या तारांमुळे पंखा हवा पुढे फेकतो, आणि मग गाडी धावताना समोरचा वारा आणि पंखा एकमेकांशी भांडत बसतात. उभ्या गाडीत थंडावा ठीक, हायवेला लागताच गायब, असं झालं तर आधी पंख्याची दिशा तपासा.

वीज

१९६७च्या उत्तरार्धापर्यंतच्या एमजीबींत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असतं आणि विजेसाठी २२ अँपिअरचा डायनामो असतो. अशा गाडीत एसीआधी अल्टरनेटर आणि ऋण अर्थिंग करून घ्यावंच लागतं. नंतरच्या गाड्यांतला ल्यूकसचा १६एसीआर अल्टरनेटर ३४ अँपिअरचा. आता मागणी बघा: ब्लोअर पूर्ण वेगात १० ते १२, कंडेन्सरचा पंखा १०, कॉम्प्रेसरला पट्ट्याशी जोडणारा विजेचा क्लच ४, हेडलाइट १०, इग्निशन, पेट्रोलचा पंप आणि वायपर मिळून आणखी ८ ते १०. पावसाळी रात्री बेरीज ४०च्या पुढे जाते, आणि मंद फेऱ्यांवर अल्टरनेटर आपला पूर्ण आकडा देतही नाही. ६० अँपिअर किंवा त्याहून मोठा अल्टरनेटर आणि बॅटरीपर्यंत १० चौरस मिलिमीटरची जाड तार, हा खर्च टाळता येत नाही.

ब्लोअर आणि पंखा मूळ पांढऱ्या किंवा हिरव्या तारांवर टांगू नका. एमजीबीत इग्निशनच्या किल्लीतूनच पुष्कळसा प्रवाह वाहतो. तिचे संपर्क आधीच म्हातारे झालेले असतात. दोन रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारे स्विच) बसवा, त्यांना बॅटरीकडून फ्यूजसह स्वतंत्र वीज द्या आणि हिरवी तार फक्त रिले उचलायला वापरा. क्लचची तार कूलिंग कॉइलवरच्या थर्मोस्टॅटमधून आणि ड्रायरवरच्या (गॅसमधली ओल शोषणाऱ्या डब्यावरच्या) प्रेशर स्विचमधून ओवून न्या. दाब दोन बारच्या आसपास खाली गेला, म्हणजे गॅस गळाला, की हा स्विच क्लच सोडतो. २६-२७ बारवर चढला तरीही सोडतो. थर्मोस्टॅटची शोधनळी कूलिंग कॉइलच्या पंखांत चांगली खोल खुपसायची. ती बाहेर लोंबकळत राहिली तर अर्ध्या तासात कॉइल बर्फाने गच्च होते आणि हवा येणं बंद पडतं.

कंस, पट्टा, पाइप

एमजीबीच्या इंजिनाच्या डाव्या अंगाला कार्ब्युरेटर आणि तापलेलं एक्झॉस्ट, उजव्या अंगाला अल्टरनेटर. कॉम्प्रेसर उजवीकडे वरच्या बाजूला घेणं सोयीचं. त्याला धरून ठेवणारा कंस ८ ते १० मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पट्टीचा आणि पूर्णपणे इंजिनालाच कसलेला हवा. एक टोक इंजिनाला आणि दुसरं चासीला जोडलं, तर इंजिनाच्या पहिल्या हेलकाव्याला काहीतरी तुटणार. क्रँकच्या पुलीला दुसरी खाच लागते. पुल्यांवर सरळ पट्टी ठेवून फरक दीड मिलिमीटरच्या आत आणा. पट्टा किंचाळतो किंवा कडेने झिजतो त्याचं कारण बहुतेकदा ताण नसून ही तिरकी रांग असते.

एक बारीक पण महागात पडणारी गोष्ट इथेच आहे. कॉम्प्रेसरचे कान कंसाच्या मध्ये बसतात तेव्हा बाजूला केसभर फट उरते. बोल्ट आवळला की ओतीव ॲल्युमिनियमचा कान ती फट भरायला वाकतो आणि पुढे महिन्या-दोन महिन्यांत थरथरीने तडकतो. बोल्ट कसण्याआधी फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून बघा आणि फट पातळ शिमने, म्हणजे धातूच्या चकतीने, भरून काढा.

पाइप बॅरिअर जातीचाच घ्यावा, कारण साध्या रबरातून हा गॅस हळूहळू झिरपतो. कूलिंग कॉइलकडून कॉम्प्रेसरकडे परतणारा पाइप सर्वांत जाड, आतून सुमारे १३ मिलिमीटर; कॉम्प्रेसर ते कंडेन्सर १० मिलिमीटर; कंडेन्सर, ड्रायर, कॉइल हा द्रवाचा मार्ग ८ मिलिमीटर. सगळं जागेवर बसवून पाइप कच्चे मापायचे, फिटिंगचे कोन खुणेने आखायचे आणि क्रिंपिंग, म्हणजे फिटिंग पाइपवर दाबून बसवणं, बाहेरून करून आणायचं. हिरव्या ओ-रिंगना एसीचं तेल लावून, दोन पान्यांनी कसा. एकाच पान्याने कसलं तर नाजूक ॲल्युमिनियमची नळी पिळली जाते.

एमजीबीचा मूळ हीटर फक्त बाहेरची हवा घेतो, आतली हवा पुन्हा फिरवत नाही. ४० अंशांची हवा सतत थंड करत बसणं परवडणारं नसल्यामुळे कॉइल आणि ब्लोअरचा वेगळा संच डॅशबोर्डखाली लावतात, जो आतलीच हवा ओढतो. पण हीटरला विसरू नका: सिलिंडर हेडवरचा त्याचा व्हॉल्व्ह बंद केला तरी म्हातारपणी थोडं पाणी सोडतो, आणि ८० अंशांची छोटी शेगडी आत जळत राहते. त्या नळीत एक साधा पितळी कॉक घाला आणि उन्हाळ्यात तो बंद ठेवा. बोगद्यावर आणि पुढच्या पत्र्यावर ब्यूटिल शीट व बंद पेशींचा फोम, केबलींच्या भोकांत रबरी ग्रोमेट, गिअरच्या दांड्याचं फाटलेलं कातडं नवं: एवढ्याने एसीचं ओझं सहज हलकं होतं. दमट हवेत कॉइलवरून तासाला लिटरभर पाणी ठिबकतं, म्हणून तिची निचऱ्याची नळी सतत उतार देत बोगद्यातून खाली काढा. ह्यूस्टन किंवा मुंबईसारख्या हवेत ही नळी दबली, तर पायाखालचा गालिचा आठवड्यात कुबट होतो आणि त्याखालचा पत्रा गंजायला लागतो.

व्हॅक्यूम आणि गॅस

ड्रायरची टोपणं सगळ्यात शेवटी काढायची. आतले दाणे हवेतली वाफ शोषून घ्यायला टपलेले असतात. जोडणी झाली की रेग्युलेटर लावून कोरड्या नायट्रोजनचा १० बारच्या आसपास दाब द्या आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी फिरवा. त्यानंतर व्हॅक्यूम पंप पाऊण तास. तो फक्त हवा काढत नाही: इतक्या कमी दाबाला पाणी साध्या तापमानाला उकळतं आणि वाफ होऊन निघून जातं. राहिलेली ओल एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या (कूलिंग कॉइलमध्ये गॅस सोडणाऱ्या झडपेच्या) बारीक छिद्रात गोठते, शिवाय तेलाशी मिळून आम्ल तयार करते. पंप बंद करून २० मिनिटं थांबा. काटा हलला तर गळती आहे.

गॅस भरण्याच्या बाबतीत कायदा बघावा लागतो. ब्रिटनमध्ये हे काम प्रमाणपत्रधारकाकडूनच करून घ्यावं. अमेरिकेच्या केंद्रीय नियमांनुसार २ पौंडांपर्यंतचे, आपोआप बंद होणाऱ्या झडपेचे डबे कोणालाही मिळतात, पण गॅस हवेत सोडायला मनाई आहे. कारण साधं आहे: आर-१३४एचा ८०० ग्रॅम गॅस हवा तापवण्यात एक टनाहून जास्त कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा आहे. प्रोपेन-ब्यूटेनचं मिश्रण स्वस्त म्हणून भरू नका. कूलिंग कॉइल बसण्याच्या जागेत असते आणि तिथे ज्वलनशील वायू गळणं म्हणजे आगीला निमंत्रण.

गॅस वजनावर भरतात, अंदाजावर नाही. अंदाजित वजनाच्या ६०-७० टक्के भरून मग प्रत्येक वेळी ५० ग्रॅम. इंजिन चालू असताना फक्त कमी दाबाची बाजू उघडायची. जास्त दाबाची उघडली तर १५ बारचा दाब हातातल्या डब्यात घुसतो. गॅस दिसणाऱ्या छोट्या काचेतले बुडबुडे पूर्ण जाईपर्यंत भरत राहणं ही जुन्या आर-१२ गॅसच्या काळातली सवय आहे. आर-१३४एला ती लावली तर गॅस जास्त होतो. तेलाचं प्रमाण कॉम्प्रेसरवरच्या लेबलवर असतं, आणि नव्या कॉम्प्रेसरमध्ये बहुधा आधीच भरलेलं असतं. पहिल्यांदा सुरू करण्याआधी क्लचची पुढची थाळी हाताने दहा वेळा फिरवा, म्हणजे सिलिंडरमध्ये साचलेलं तेल निघून जाईल.

बाहेर ३५ अंश आणि इंजिन १५००वर असताना कमी बाजूला दोन ते अडीच बार, जास्त बाजूला १३ ते १६ बार दिसायला हवेत. दोन्ही काटे खाली असतील तर गॅस कमी आहे. दोन्ही वर असतील तर आधी कंडेन्सरवरची हवा तपासा: जाळीवर पाण्याचा फवारा मारला आणि दाब झर्रकन उतरला, तर गॅस काढायची गरज नाही, पंखा किंवा बुजवलेल्या फटी सुधारा. कमी बाजू व्हॅक्यूमकडे झुकली आणि थोड्या वेळाने आपोआप सावरली, तर व्हॉल्व्हमध्ये ओल गोठते आहे. ड्रायर बदलून व्हॅक्यूम पुन्हा. कमी बाजू चढलेली आणि जास्त बाजू उतरलेली म्हणजे कॉम्प्रेसर थकलाय.

क्लच लागताना इंजिनाच्या फेऱ्या दीडशे-दोनशेंनी पडतात. एसयू कार्ब्युरेटरच्या दांडीला ढकलणारा छोटा सोलेनॉइड लावला, की सिग्नलवर गाडी बंद पडत नाही. पहिल्या ५०० किलोमीटरनंतर कंसाचे सगळे बोल्ट आणि पट्ट्याचा ताण पुन्हा बघावा. आणि हिवाळ्यातही महिन्यातून एकदा दहा मिनिटं एसी चालवावा, नाहीतर कॉम्प्रेसरच्या दांड्यावरचं सील कोरडं पडतं आणि पुढच्या उन्हाळ्यात गॅस तिथूनच निघून जातो.