करपलेला वृक्षनेचा बुंध्याशी छाटू नये

वृक्षनेचा, म्हणजे ट्री फर्न, याची पाने थंडीत करपली की तो मेला समजावा आणि बुंध्याशी छाटावा, म्हणजे खालून नवी फूट येते, असा सल्ला आपल्याकडील काही बागप्रेमी थंड देशांत राहणाऱ्या आपल्या मुलाबाळांना आस्थेने देतात.

या सल्ल्यामागे अनुभव आहे, पण तो दुसऱ्या वनस्पतीचा. बाल्कनीतील बोस्टन फर्न मे महिन्यात वाळतो आणि मातीलगत छाटला तरी पावसाळ्यात पुन्हा फुटतो, कारण त्याचे जिवंत मूळखोड मातीत असते. थंड देशांतील बागांत बहुधा लावला जाणारा टास्मानियाचा वृक्षनेचा, डिक्सोनिया अंटार्क्टिका, याच्या उलट आहे: त्याचा वाढबिंदू खोडाच्या शेंड्यावर एकच असतो, आणि ज्याला आपण खोड म्हणतो तो बराचसा मुळांचा व जुन्या देठांचा जाड थर असतो. शेंडा छाटला की वाढच संपते. हिमाने करपतात ती पाने; शेंडा बहुतेक वेळा वाचतो.

खात्री करणे सोपे आहे. वसंत ऋतूत शेंड्यावरील तपकिरी लव हलकेच बाजूला करून बोटाने चाचपावे. गुंडाळलेल्या कोंबांच्या टणक गाठी लागल्या तर झाड जिवंत आहे. मऊ, कुजट लगदा लागला, तरच आशा कमी. तरीही पूर्ण उन्हाळा वाट पाहावी आणि खोडावर वरून नियमित पाणी घालावे, कारण मुळे तेथेही असतात. पुढील हिवाळ्यापूर्वी शेंड्यात कोरडा पेंढा सैलसर भरावा.